संगीत उपकरणांच्या नाममुद्रांचे अर्थ व उच्चार

संगीत उपकरणांच्या नाममुद्रांचे अर्थ व उच्चार हा शब्दव्युत्पत्ती, ध्वनिविचार आणि लिप्यंतर या तिन्हींशी संबंधित असलेला विषय आहे. वाद्ये, माइक, ॲम्प्लिफायर, ध्वनिवर्धक आणि ध्वनिमुद्रणाची साधने ज्या नावांनी विकली जातात, त्यांपैकी बहुतेक नावे जपानी, जर्मन, इंग्रजी, आर्मेनियन, बंगाली किंवा पंजाबी मूळ असलेली आहेत. ती मराठी भाषकांपर्यंत प्रामुख्याने रोमन लिपीतून पोहोचली. त्यामुळे मूळ भाषेतील उच्चार, इंग्रजीतील रूढ उच्चार आणि मराठीतील प्रचलित उच्चार अशी एकाच नावाची दोन किंवा तीन रूपे आढळतात. ‘कॅसिओ’ व ‘डॉल्बी’ यांसारखी काही नावे महाराष्ट्रात नाममुद्रा न राहता सामान्यनामे झाली आहेत. दुकानांच्या मराठी पाट्या, व्यापारचिन्हविषयक कायदा आणि ज्ञानकोशीय लेखन यांमुळे या नावांच्या देवनागरी लेखनाला व्यावहारिक महत्त्व आहे.

नावांचे प्रकार

संस्थापकांची आडनावे

संगीत उपकरणांच्या नाममुद्रांत संस्थापकाच्या आडनावावरून पडलेल्या नावांची संख्या मोठी आहे. जपानमधील हामामात्सु येथे तोराकुसु यामाहा यांनी १८८७ मध्ये एका शाळेतील बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला व त्यानंतर स्वतः ऑर्गन बनवण्यास आरंभ केला. १८९७ मध्ये त्यांच्या कंपनीचे नाव ‘निप्पॉन गाक्की’, म्हणजे ‘जपान वाद्य’, असे ठेवण्यात आले. कंपनीने ‘यामाहा’ हे नाव अधिकृतपणे १९८७ मध्ये धारण केले. या आडनावातील ‘यामा’ म्हणजे डोंगर आणि ‘हा’ म्हणजे पान. कंपनीच्या चिन्हात परस्परांना छेदणारे तीन नादकाटे आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे नाव वाद्यांपेक्षा मोटारसायकलमुळे अधिक परिचित झाले. मोटारसायकल बनवणारी कंपनी १९५५ मध्ये स्वतंत्र झाली असली, तरी तिच्या वाहनांवरही नादकाट्यांचेच चिन्ह असते.

जर्मनीतील ‘झेनहायझर’ हे फ्रिट्झ झेनहायझर यांचे, ‘नॉयमान’ हे गेओर्ग नॉयमान यांचे आणि ‘बेरिंगर’ हे उली बेरिंगर यांचे आडनाव आहे. यांपैकी ‘नॉयमान’ या आडनावाचा शब्दशः अर्थ ‘नवा माणूस’ असा होतो. गावात नव्याने वस्तीला आलेल्या व्यक्तीस उद्देशून अशी आडनावे पडत असत. अमेरिकेतील ‘शुअर’ ही नाममुद्रा सिडनी शुअर यांच्या आडनावावरून आली. त्यांनी १९२५ मध्ये शिकागो येथे व्यवसाय सुरू केला. या आडनावाचा उच्चार ‘खात्रीचा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा होत असला, तरी दोहोंचे लेखन वेगळे आहे.

आडनावाचे अंशतः भाषांतर झाल्याचे उदाहरण म्हणजे ‘स्टाइनवे’ हा पियानो. जर्मनीहून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या हाइनरिश श्टाइनवेग यांनी १८५३ मध्ये न्यूयॉर्क येथे कंपनी स्थापन केली. ‘श्टाइन’ म्हणजे दगड आणि ‘वेग’ म्हणजे वाट. आडनावाच्या पहिल्या भागाचे लेखन तसेच राहिले, मात्र दुसऱ्या भागाच्या जागी त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द आला.

व्यवसायावरून पडलेली नावे

मराठीत जोशी, कुलकर्णी, सुतार, शिंपी ही आडनावे जशी व्यवसायावरून आली, तशी काही वाद्यनिर्मात्यांची नावेही आली आहेत. झांजांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘झिल्जियन’ या नावाचे तीन भाग पडतात. तुर्की भाषेत ‘झिल’ म्हणजे झांज आणि ‘जी’ हा ‘करणारा’ या अर्थाचा प्रत्यय. त्याला ‘वंशज’ या अर्थाचा आर्मेनियन प्रत्यय ‘यान’ जोडला गेला. संपूर्ण नावाचा अर्थ ‘झांजकऱ्याचा वंशज’ असा होतो. कॉन्स्टँटिनोपल येथील अवेदिस या आर्मेनियन कारागिराने तांबे व कथील यांचा विशिष्ट मिश्रधातू तयार केला. त्याच्या घराण्याच्या व्यवसायाचा आरंभ १६२३ पासून मानला जातो.

याच प्रकारचे महाराष्ट्रातील उदाहरण सांगली जिल्ह्यातील मिरज येथे आढळते. तेथील तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची असून तिचा आरंभ शस्त्रांना धार लावण्याचा व्यवसाय असलेल्या शिकलगार समाजातील कारागिरांनी केला. फरीदसाहेब हे या परंपरेतील आद्य कारागिरांपैकी होत. या घराण्यांनी पुढे ‘सतारमेकर’ हे आडनाव धारण केले. ‘सतार’ हा मराठीतील रूढ शब्द आणि ‘मेकर’ हा इंग्रजी शब्द यांचा हा संकर आहे. रचनेच्या दृष्टीने ‘झिल्जियन’ व ‘सतारमेकर’ या नावांत साम्य आहे. दोन्ही नावांत आधी वाद्य, नंतर ते करणारा असा क्रम आहे आणि दोन्ही नावांत दोन भाषांचे घटक एकत्र आले आहेत. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. व्यापारचिन्ह हे सामान्यतः एका मालकाचे असते, तर भौगोलिक मानांकन त्या प्रदेशातील पात्र उत्पादकांना सामाईकपणे वापरता येते. त्यामुळे या वाद्यांच्या बाबतीत गावाच्या नावालाच नाममुद्रेचे स्थान प्राप्त झाले आहे.

जोडनावे

दोन नावांचे अंश एकत्र करून बनवलेल्या नाममुद्रांत ‘कॉर्ग’ व ‘द्वारकिन’ यांचा समावेश होतो. ‘कॉर्ग’ हे ‘केइओ’ व ‘ऑर्गन’ या शब्दांच्या संयोगातून तयार झाले. ‘केइओ’ हे त्या कंपनीचे १९६२ मधील मूळ नाव असून ते टोकियोतील केइओ रेल्वेमार्गाशी व संस्थापक कातो आणि ओसानाई यांच्या आद्याक्षरांशी जोडले जाते.

‘द्वारकिन’ हे कोलकात्यातील वाद्यविक्रेते द्वारकानाथ घोष यांच्या पेढीचे नाव आहे. द्वारकानाथ यांच्या नावाचा आरंभ आणि लंडनमधील वाद्यव्यावसायिक डॉकिन्स यांच्या नावाचा अंश जोडून ते बनवले गेले. ही सूचना बंगाली लेखक उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची होती. एका हाताने भाता हलवून दुसऱ्या हाताने वाजवता येईल अशी बैठी हार्मोनियम भारतात रूढ करण्यात या पेढीचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रातील कीर्तन, भजन व नाट्यसंगीतात ‘पेटी’ म्हणून ओळखले जाणारे वाद्य याच प्रकारचे आहे. पायाने भाता चालवण्याच्या प्रकारास ‘पायपेटी’ म्हणतात.

अर्थवाहक व निवडलेली नावे

‘सान्सुई’ या जपानी नावाचा अर्थ ‘डोंगर व पाणी’, म्हणजेच निसर्गदृश्य, असा आहे. यातील डोंगराचे चिन्ह ‘यामाहा’ या आडनावातील चिन्हच आहे. जपानीमध्ये एकाच चिन्हाचे देशी व चिनी मूळ असलेले असे वेगवेगळे उच्चार होतात. म्हणून ते एका नावात ‘यामा’ आणि दुसऱ्या नावात ‘सान’ असे वाचले जाते. मराठीत ‘डोंगर’ आणि ‘गिरी’ हे दोन शब्द एकाच चिन्हाने लिहिले जात असते, तर जशी स्थिती झाली असती तशीच ही आहे. ‘ओन्क्यो’ या नावाचा अर्थ ‘ध्वनी’ वा ‘नाद’ असा होतो.

‘सोनी’ हे नाव ध्वनीसाठी असलेला लॅटिन शब्द ‘सोनुस’ व मुलाला प्रेमाने हाक मारण्याचा इंग्रजी शब्द ‘सनी’ यांवरून १९५८ मध्ये अधिकृतपणे स्वीकारले गेले. ‘रोलंड’ या नावामागे मात्र विशेष अर्थ नाही. इकुतारो काकेहाशी यांना १९७२ मध्ये ओसाका येथे कंपनी स्थापन करताना परदेशांतही सहज उच्चारता येईल असे दोन अवयवांचे नाव हवे होते आणि ते त्यांनी दूरध्वनी निर्देशिकेतून निवडले.

भारतीय उदाहरण म्हणून ‘सारेगामा’ हे नाव उल्लेखनीय आहे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया या कंपनीने २००० मध्ये हे नाव धारण केले. सप्तकातील पहिल्या चार स्वरांची ही नावे मराठी श्रोत्यास स्पष्टीकरणाशिवाय कळतात. त्यापूर्वी या कंपनीच्या ध्वनिमुद्रिका ‘एचएमव्ही’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जात. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, म्हणजे ‘त्याच्या मालकाचा आवाज’, हे मुळात फ्रान्सिस बारो या चित्रकाराच्या चित्राचे शीर्षक होते. चित्रात निपर नावाचा कुत्रा ग्रामोफोनच्या कर्ण्याकडे कान देऊन बसला आहे. इंग्रजी न वाचणाऱ्या ग्राहकासही या चित्रावरून तबकडी ओळखता येत असे.

आद्याक्षरी नावे

आद्याक्षरांवरून बनलेल्या नावांत मूळ भाषेतील अक्षरनामांचा प्रश्न उद्भवतो. ‘जेबीएल’ ही जेम्स बुलो लान्सिंग या अमेरिकी अभियंत्याची आद्याक्षरे आहेत. १९४७ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झालेल्या ‘एकेजी’ या कंपनीच्या नावाचा जर्मन विस्तार ‘ध्वनिशास्त्रीय व चित्रपटविषयक साधने’ अशा अर्थाचा आहे. जर्मन भाषक ही अक्षरे ‘आ-का-गे’ अशी वाचतात. भारतात ती इंग्रजी अक्षरनामांनुसार वाचली जातात.

उच्चारांतील भेद

जपानी नावे

जपानी भाषेत ऱ्हस्व व दीर्घ स्वरांचा भेद अर्थनिर्णायक आहे. ‘यामाहा’ या नावातील तिन्ही स्वर जपानीत ऱ्हस्व आहेत. मात्र त्यांचा गुण मराठी ‘अ’पेक्षा ‘आ’ला जवळचा आहे. मराठीत ऱ्हस्व ‘आ’साठी स्वतंत्र अक्षर नसल्याने ‘यमह’ असे लिहिल्यास स्वराची लांबी साधते पण गुण हरवतो, आणि ‘यामाहा’ असे लिहिल्यास गुण साधतो पण लांबी वाढते. रूढ मराठी लेखनाने दुसरा पर्याय स्वीकारला आहे.

‘कॅसिओ’ या नावाचा जपानी उच्चार ‘काशिओ’ असा आहे. हे तादाओ काशिओ व त्यांच्या बंधूंचे आडनाव होय. कंपनीने रोमन लिपीत लिहिताना आडनावाच्या नेहमीच्या लिप्यंतरापेक्षा वेगळी व परदेशांत सोपी वाटेल अशी अक्षरे निवडली. परिणामी जपानबाहेर ‘श’च्या जागी ‘स’ रूढ झाला. येथे मराठी उच्चार चुकीचा ठरत नाही, कारण तो कंपनीने स्वतः निवडलेल्या रोमन लेखनास अनुसरूनच आहे.

जर्मन नावे

जर्मन भाषेत शब्दारंभी स्वरापूर्वी येणाऱ्या ‘एस’ या अक्षराचा उच्चार सामान्यतः मराठी ‘झाड’ या शब्दारंभीच्या ध्वनीस जवळचा, परंतु महाप्राण नसलेला असा होतो. म्हणून आडनावाचा मूळ उच्चार ‘झेनहायझर’ असा आहे. इंग्रजी वाचनाच्या प्रभावामुळे भारतात ‘सेनहायझर’ हे रूपही आढळते. ‘नॉयमान’ या नावातील स्वरयुग्माचा उच्चार जर्मनमध्ये ‘ऑय’ असा होतो. इंग्रजी पद्धतीने वाचल्यास त्याचे ‘न्यूमन’ होते. ‘बेरिंगर’ या नावातील ‘एच’ हे अक्षर उच्चारले जात नाही. ते केवळ आधीचा स्वर दीर्घ असल्याचे दर्शवते. त्यामुळे देवनागरीत ‘बेहरिंगर’ असे लिहिणे मूळ उच्चारास धरून नाही.

मोग

विद्युत्-संश्लेषक, म्हणजे सिंथेसायझर, या वाद्याच्या विकासात अमेरिकी अभियंते रॉबर्ट मोग यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांनी आपले वाद्य १९६४ मध्ये सादर केले. त्यांच्या आडनावात रोमन ‘ओ’ हे अक्षर दोनदा येत असल्याने इंग्रजी वाचनाच्या सवयीनुसार त्याचा उच्चार ‘मूग’ असा केला जातो आणि मराठी वाचकास तो कडधान्याच्या नावामुळे सहज वाटतो. मोग यांनी स्वतः मात्र ‘मोग’ हाच उच्चार पसंत असल्याचे सांगितले होते. व्यक्तिनामावरून पडलेल्या नाममुद्रेत त्या व्यक्तीने स्वीकारलेला उच्चार प्रमाण मानण्याचा संकेत असल्याने देवनागरीत ‘मोग’ असे लिहिणे योग्य ठरते.

बोस

‘बोस’ ही अमेरिकी कंपनी अमर गोपाल बोस यांनी १९६४ मध्ये स्थापन केली. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधून अमेरिकेत गेले होते. अमेरिकेत या नाममुद्रेचा उच्चार ‘बोझ’ असा होतो. बंगालीत या आडनावाचा उच्चार ‘बोश’च्या जवळ जातो, कारण प्रमाण बंगालीत ‘स’ या अक्षराचा उच्चार बहुधा ‘श’सारखा होतो. मराठीत सुभाषचंद्र बोस व जगदीशचंद्र बोस या नावांमुळे ‘बोस’ हे रूप आधीपासून स्थिर आहे. अशा प्रकारे एकाच आडनावाची तीन भाषांत तीन रूपे झाली आहेत. मराठी रूप बंगाली लेखनास अनुसरून आहे.

आहूजा

सार्वजनिक कार्यक्रमांत वापरल्या जाणाऱ्या ॲम्प्लिफायर, माइक व भोंग्यांमुळे महाराष्ट्रातील गावोगावी परिचित असलेले नाव म्हणजे दिल्लीतील ‘आहूजा’. हे पंजाबी व सिंधी भाषकांत आढळणारे आडनाव असून त्यातील ‘जा’ हा अंत्य भाग ‘वंशज’ या अर्थाचा मानला जातो. रोमन लेखनात ‘अ’ व ‘आ’ यांसाठी एकच अक्षर असल्याने मराठीत ‘अहुजा’ असे लेखनही पुष्कळदा केले जाते.

देवनागरी लेखन

स्वर

इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीत ‘ॲ’ व ‘ऑ’ ही चिन्हे रूढ आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानुसार मराठी वर्णमालेच्या स्वरांत त्यांचा समावेश करण्यात आला. ‘कॅसिओ’, ‘कॉर्ग’, ‘डॉल्बी’ या नावांचे लेखन या चिन्हांमुळे उच्चारास जवळ जाते. हिंदी लेखनात ‘ॲ’ या स्वरासाठी बहुधा ‘ऐ’ची मात्रा वापरली जात असल्याने हिंदी जाहिरातीतील रूप मराठीत जसेच्या तसे घेतल्यास ‘कैसिओ’ यासारखे लेखन तयार होते व मराठी वाचक ते वेगळे उच्चारतो.

च-वर्गाचे दुहेरी उच्चार

मराठीत च, ज, झ या अक्षरांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार होतात. ‘चहा’ व ‘चमचा’, ‘जग’ व ‘जागा’, ‘झेंडा’ व ‘झाड’ या जोड्यांत हा भेद ऐकू येतो. लेखनात मात्र तो दाखवला जात नाही. परभाषेतील घर्षक ध्वनी, जो हिंदीत नुक्ता देऊन लिहिला जातो, तो मराठीत ‘झ’ने लिहिण्याची पद्धत आहे. ‘झेनहायझर’ व ‘झिल्जियन’ ही नावे याच पद्धतीने लिहिली जातात. परंतु मराठीत इकारापूर्वी या अक्षरांचा उच्चार तालव्य होत असल्याने ‘झिल्जियन’मधील पहिले अक्षर ‘झिम्मा’तील अक्षरासारखे वाचले जाण्याचा संभव असतो. मूळ ध्वनी तसा नाही.

विभक्तिरूपे

मराठीतील आकारान्त पुल्लिंगी नामांचे प्रत्ययापूर्वी सामान्यरूप होते. उदाहरणार्थ, ‘भोंगा’पासून ‘भोंग्याचा’. नाममुद्रांचे असे रूपांतर होत नाही. ‘यामाहाचा’, ‘सारेगामाने’, ‘बोसचा’, ‘सोनीवर’ अशी रूपे वापरली जातात. नाव मूळ स्वरूपात ओळखता येण्याची गरज हे त्याचे कारण आहे. लिंग मात्र नावावरून न ठरता वस्तूवरून ठरते. म्हणून ऑर्गन अभिप्रेत असल्यास ‘यामाहाचा’ आणि गिटार अभिप्रेत असल्यास ‘यामाहाची’ असे म्हटले जाते.

रोमन लिपीची मर्यादा

रोमन लिपीवरून उच्चार ठरवण्यातील अडचण उलट दिशेनेही दिसून येते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील घोटावडे या गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना ‘ट’ व ‘त’, तसेच ‘ड’ व ‘द’ यांतील भेद नाहीसा होतो. ‘व’साठी ‘डब्ल्यू’ व ‘व्ही’ ही दोन्ही अक्षरे वापरली जात असल्याने एकाच गावाच्या नावाची दोन लेखने प्रचलित आहेत. मराठी न जाणणारा वाचक ते ‘घोतावदे’ असेही वाचू शकतो. तालुक्याच्या नावातील ‘ळ’ रोमन लेखनात ‘ल’ होतो. त्याच तालुक्यातील हिंजवडीचे नाव तर रोमन लेखनाच्या प्रभावामुळे ‘हिंजेवाडी’ असे उच्चारले व कधीकधी देवनागरीतही तसेच लिहिले जाते. ‘मोग’चे ‘मूग’ होणे आणि ‘हिंजवडी’चे ‘हिंजेवाडी’ होणे या दोन्ही घटनांमागील प्रक्रिया एकच आहे. नाव कानाने न शिकता केवळ रोमन अक्षरांवरून वाचले गेले, की वाचक आपल्या सवयीचा उच्चार त्यावर बसवतो.

भारतीय उत्पादकांनी या अडचणीवर काही प्रमाणात उपाय योजलेला दिसतो. बंगळूर येथील राडेल या कंपनीच्या ‘तालमाला’ या इलेक्ट्रॉनिक तबल्याच्या नावात पहिला ‘आ’ दाखवण्यासाठी रोमन ‘ए’ हे अक्षर दोनदा लिहिले जाते. ‘रागिणी’ या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या नावातही हीच पद्धत आढळते.

नाममुद्रेचे सामान्यनाम होणे

हार्मोनियम

आज वाद्याचे सामान्यनाम असलेला ‘हार्मोनियम’ हा शब्द मुळात एका उत्पादकाने दिलेले नाव आहे. पॅरिसमधील अलेक्झांद्र दबॅं यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी आपल्या वाद्याचे एकस्व घेताना हे नाव योजले. इतर उत्पादक आपल्या वाद्यांना वेगळ्या नावांनी संबोधत. पुढे मूळ मर्यादा मागे पडून हे नाव सर्वच उत्पादकांच्या वाद्यांना लागू झाले. मराठीत त्यासाठी ‘पेटी’ हा बोलीतील व ‘संवादिनी’ हा संस्कृतनिष्ठ प्रतिशब्द प्रचलित आहे.

कॅसिओ

या कंपनीने ‘कॅसिओटोन’ हे पहिले इलेक्ट्रॉनिक कळफलक वाद्य १९८० मध्ये बाजारात आणले. लहान आकार व तुलनेने कमी किंमत यांमुळे अशी वाद्ये ऑर्केस्ट्रा, बँड पथके व शाळांपर्यंत पोहोचली. मराठी बोलण्यात ‘कॅसिओ वाजवणे’ हा प्रयोग कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डसाठी केला जातो.

डॉल्बी

नाममुद्रेच्या अर्थात सर्वाधिक बदल झाल्याचे महाराष्ट्रातील उदाहरण ‘डॉल्बी’ हे आहे. अमेरिकी अभियंते रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. त्यानंतर १९६५ मध्ये त्यांनी लंडन येथे आपली प्रयोगशाळा स्थापन केली. त्यांच्या पहिल्या शोधाचा उद्देश चुंबकीय फितीवरील खरखर कमी करणे हा होता. ध्वनिमुद्रण करताना मंद आवाज विशिष्ट प्रमाणात वाढवून नोंदवले जातात आणि ऐकवताना ते त्याच प्रमाणात कमी केले जातात. फितीची खरखर मुद्रणानंतर मिसळत असल्याने तीही त्यासोबत कमी होते.

टेपरेकॉर्डर व चित्रपटगृहे यांच्यामुळे हा शब्द सर्वपरिचित झाला. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर व सोलापूर या जिल्ह्यांत, मिरवणुकीत वाहनावर रचून लावल्या जाणाऱ्या मोठ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीस ‘डॉल्बी’ म्हटले जाऊ लागले. अशा भिंतीतील उपकरणांचा डॉल्बी कंपनीशी संबंध असेलच असे नाही. ‘डॉल्बी लावणे’, ‘डॉल्बीवाला’, ‘डॉल्बीबंदी’ व ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ हे शब्दप्रयोग वृत्तपत्रांत व पोलिसांच्या आवाहनांतही आढळतात. अनावश्यक आवाज घटवण्याच्या तंत्रासाठी प्रसिद्ध झालेले नाव अशा रीतीने अतितीव्र आवाजाचे वाचक बनले.

हा अर्थबदल केवळ भाषिक नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास सामान्यतः मनाई आहे. नियमांचा संबंध आवाजाच्या पातळीशी व वेळेशी आहे, उपकरणाच्या नावाशी नाही. ‘डॉल्बीवर बंदी’ या शब्दप्रयोगामुळे दुसऱ्या नावाने ओळखली जाणारी यंत्रणा नियमांच्या कक्षेबाहेर आहे, असा समज होऊ शकतो. ‘डीजे’, ‘डॉल्बी’ किंवा ‘साउंड’ असे काहीही म्हटले तरी मर्यादा सर्वांना सारखीच लागू होते.

कायदेशीर बाजू

भारतात व्यापारचिन्हांचे संरक्षण व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार होते. या अधिनियमाच्या कलम २९ मधील पोटकलम ९ नुसार चिन्हात शब्दांचा समावेश असेल, तर त्याचा भंग लेखनाप्रमाणेच त्या शब्दांच्या उच्चारानेही होऊ शकतो. म्हणून अक्षरे वेगळी पण उच्चार सारखा असलेले नाव वापरल्यानेही कायदेशीर प्रश्न निर्माण होतो.

उच्चारसाम्याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ‘अमृतधारा’ व ‘लक्ष्मणधारा’ या औषधनामांच्या प्रकरणात केला होता. दोन नावे शेजारी ठेवून बारकाईने तुलना करणारा ग्राहक गृहीत न धरता, सामान्य बुद्धीचा व अपुऱ्या आठवणीवर विसंबणारा ग्राहक गृहीत धरावा, हे तत्त्व त्यात मांडले गेले. माइक किंवा स्पीकर खरेदी करणारा ग्राहक बहुधा नाव ऐकून दुकानात जात असल्याने हे तत्त्व संगीत उपकरणांनाही लागू पडते. परिचित नावातील एखादे अक्षर बदलून विकल्या जाणाऱ्या नकली मालापासून सावध राहण्यासाठी नावाचे अचूक लेखन व उच्चार दोन्ही माहीत असणे उपयुक्त ठरते.

याच अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये चिन्हातील शब्द त्या वस्तूचे सामान्यनाम बनल्यास उद्भवणाऱ्या परिणामांची तरतूद आहे. तिच्यात त्या वस्तूचा व्यापार करणाऱ्यांमधील प्रस्थापित वापर विचारात घेतला जातो. त्यामुळे लोकांच्या बोलण्यात एखादे नाव सामान्यनामासारखे वापरले गेले, म्हणून त्याचे संरक्षण आपोआप संपत नाही.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या सुधारणेनुसार सर्व दुकानांच्या नामफलकावर देवनागरी लिपीतील मराठी नाव असणे बंधनकारक आहे. मराठी अक्षरांचा आकार इतर लिप्यांतील अक्षरांपेक्षा लहान असू नये, अशीही तरतूद आहे. ही सक्ती आस्थापनेच्या नावापुरती आहे. तथापि ज्या विक्रेत्याच्या दुकानाच्या नावातच एखादी परकीय नाममुद्रा समाविष्ट असते, त्याला तिचे देवनागरी रूप निश्चित करावे लागते.

लिप्यंतराचे संकेत

नाममुद्रांचे देवनागरी रूप ठरवताना पुढील संकेत पाळले जातात :

१. कंपनीने स्वतः देवनागरी रूप वापरले असल्यास तेच स्वीकारणे.
२. व्यक्तिनामावरून पडलेल्या नाममुद्रेत त्या व्यक्तीचा वा कुटुंबाचा उच्चार विचारात घेणे; उदाहरणार्थ, मोग.
३. मराठीत रूप आधीपासून स्थिर असल्यास ते न बदलता मूळ उच्चाराची नोंद लेखाच्या आरंभी देणे. उदाहरणार्थ, कॅसिओ व बोस.
४. रूप स्थिर नसल्यास इंग्रजीऐवजी मूळ भाषेतील उच्चारास प्राधान्य देणे. उदाहरणार्थ, नॉयमान व बेरिंगर.
५. अन्य प्रचलित लेखनांवरून पुनर्निर्देशन ठेवणे, जेणेकरून ‘सेनहायझर’ वा ‘अहुजा’ असा शोध घेणारा वाचकही योग्य लेखापर्यंत पोहोचेल.

हे संकेत परस्परविरोधी ठरू शकतात. ‘कॅसिओ’च्या बाबतीत चौथ्या संकेतानुसार ‘काशिओ’ हे रूप योग्य ठरले असते. परंतु त्या नावाने मराठी वाचकास वाद्य ओळखता येणार नाही. अशा वेळी ओळख पटणे हे नावाचे मुख्य कार्य मानून रूढ रूपास प्राधान्य दिले जाते.

हे सुद्धा पहा

• हार्मोनियम
• सतार
• मिरज
• भौगोलिक मानांकन
• ध्वनिप्रदूषण
• मराठी वर्णमाला
• लिप्यंतर
• घोटावडे